मेन-१ विकारातील स्वादुपिंडाची अर्बुदे

मेन-१ या आनुवंशिक विकारात स्वादुपिंडातील संप्रेरके तयार करणाऱ्या पेशींपासून, तसेच स्वादुपिंडाला लागून असलेल्या ग्रहणीच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) भिंतीत ज्या गाठी निर्माण होतात, त्यांना एकत्रितपणे मेन-१ विकारातील स्वादुपिंडाची अर्बुदे असे म्हणतात. मेन-१ हे ‘मल्टिपल एंडोक्राइन निओप्लाझिया प्रकार १’ या नावाचे संक्षिप्त रूप आहे. या विकारात मुख्यतः परावटू ग्रंथी, स्वादुपिंड आणि पोष ग्रंथी (पीयूषिका) या तीन ठिकाणी अर्बुदे होतात. साधारणपणे ३०,००० व्यक्तींमागे एकीला हा विकार असतो असे मानले जाते. स्त्रिया व पुरुष यांच्यात त्याचे प्रमाण सारखेच आढळते.

तिन्ही ग्रंथींपैकी परावटू ग्रंथींचा विकार सर्वाधिक आढळतो. वयाच्या पन्नाशीपर्यंत ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत तो दिसून येतो, परंतु त्यामुळे मृत्यू येणे आज दुर्मीळ आहे. रुग्णाचे आयुर्मान प्रामुख्याने ठरते ते स्वादुपिंड व ग्रहणीतील अर्बुदांवरून, आणि काही रुग्णांत छातीतील थायमस ग्रंथीच्या अर्बुदावरून. म्हणूनच मेन-१च्या वैद्यकीय देखरेखीत स्वादुपिंडाला मध्यवर्ती स्थान आहे.

‘स्वादुपिंडाचा कर्करोग’ या नावाने सर्वसामान्यांना परिचित असलेला आजार वेगळा आहे. तो पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या पेशींपासून होतो आणि वेगाने वाढतो. मेन-१मधील अर्बुदे स्वादुपिंडात विखुरलेल्या लँगरहान्स द्वीपकांशी संबंधित असतात. त्यांची वाढ बहुधा मंद असते आणि अनेक रुग्ण त्यांच्यासह दशकानुदशके जगतात. मात्र मंद वाढ म्हणजे निरुपद्रवी वाढ नव्हे. यांतील काही अर्बुदे लसीका गाठींत व यकृतात पसरतात.

जनुकीय कारण

मेन-१ विकार ज्या जनुकातील दोषामुळे होतो, ते जनुक ११ व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते व त्यालाही मेन-१ हेच नाव आहे. त्यापासून ६१० अमिनो आम्लांचे ‘मेनिन’ हे प्रथिन तयार होते. मेनिन पेशीच्या केंद्रकात राहून इतर अनेक जनुकांच्या कार्याचे नियमन करते व पेशींच्या बेसुमार वाढीला आळा घालते. त्यामुळे या जनुकाची गणना अर्बुदरोधक जनुकांत होते. (रक्ताच्या काही कर्करोगांत नेमके उलटे घडते, तेथे मेनिन रोगाला साहाय्यभूत ठरते आणि त्याला अडवणारे औषध २०२४ पासून अमेरिकेत वापरात आहे. स्वादुपिंडातील अर्बुदांशी त्या औषधाचा संबंध नाही.)

प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. रुग्णाच्या शरीरातील सर्व पेशींत यांपैकी एक प्रत जन्मतःच सदोष असते. दुसरी प्रत शाबूत आहे तोवर पेशीचे काम सुरळीत चालते. एखाद्या पेशीत ती दुसरी प्रतही नष्ट झाली की त्या पेशीपासून गाठ वाढू लागते. अमेरिकन संशोधक आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या एका बालकर्करोगाच्या संदर्भात मांडलेला ‘दोन आघातांचा’ सिद्धांत येथे तंतोतंत लागू पडतो.

उपचारांच्या दृष्टीने या यंत्रणेचा एक परिणाम निर्णायक आहे. स्वादुपिंडात लाखो द्वीपके असतात आणि त्यांतील प्रत्येक पेशी पहिला आघात सोसूनच जन्माला आलेली असते. त्यामुळे अर्बुद एकच न राहता अनेक होतात, ती निरनिराळ्या वयांत उद्भवतात, आणि एक गाठ काढून टाकली तरी उरलेल्या स्वादुपिंडातून नवी गाठ येण्याची प्रवृत्ती कायम राहते. विकार नसलेल्या व्यक्तीला स्वादुपिंडाचे असे अर्बुद झाल्यास ते सहसा एकटेच असते. ते शोधून काढले की बहुधा आजार संपतो. मेन-१मध्ये मात्र ‘गाठ कोठे आहे’ या प्रश्नाची जागा ‘अनेक गाठींपैकी त्रास देणारी कोणती आणि धोक्याची कोणती’ हा प्रश्न घेतो.

विकाराचे संक्रमण अलिंगसूत्री प्रभावी पद्धतीने होते, म्हणजे बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. सुमारे दहापैकी एका रुग्णात उत्परिवर्तन नव्याने झालेले असते. त्याच्या आईवडिलांना विकार नसतो. आजवर या जनुकात हजाराहून अधिक निरनिराळी उत्परिवर्तने नोंदली गेली आहेत, परंतु उत्परिवर्तनाच्या प्रकारावरून कोणत्या रुग्णाला कोणते अर्बुद होईल हे सांगता येत नाही. एकाच घरातील एका भावाला इन्शुलिन स्रवणारी गाठ होते, तर दुसऱ्याला चाळिशीपर्यंत काहीच लक्षण जाणवत नाही.

इतिहास

व्हिएन्नातील विकृतिशास्त्रज्ञ याकोब एर्डहाइम यांनी १९०३ मध्ये एका रुग्णाच्या शवविच्छेदनात पोष ग्रंथीचे अर्बुद व वाढलेल्या परावटू ग्रंथी एकत्र आढळल्याची नोंद केली. हा योगायोग नसून एकाच प्रभावी जनुकाचा परिणाम असावा, असे अनुमान न्यूयॉर्कमधील वैद्य पॉल वर्मर यांनी १९५४ मध्ये एका कुटुंबाच्या अभ्यासावरून मांडले. त्यावरून हा विकार ‘वर्मर लक्षणसमूह’ या नावानेही ओळखला जातो.

दरम्यान स्वादुपिंडाच्या अर्बुदांचा इतिहास स्वतंत्रपणे घडत होता. इन्शुलिनचा शोध लागून काही वर्षेच झाली असताना, १९२७ मध्ये, अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये एका रुग्णाच्या रक्तातील साखर वारंवार घसरण्याचे कारण स्वादुपिंडातील अर्बुद असल्याचे दिसून आले. ते पसरलेले असल्याने काढता आले नाही. १९२९ मध्ये टोरोंटोतील शल्यचिकित्सक रॉस्को ग्रॅहॅम यांनी अशी गाठ काढून रुग्ण प्रथमच बरा केला. १९५५ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील रॉबर्ट झोलिंजर व एडविन एलिसन यांनी दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोघांनाही पुनःपुन्हा होणारे आतड्यातील व्रण, जठरात प्रचंड आम्लस्राव आणि स्वादुपिंडात अर्बुद असे तिन्ही होते. या अर्बुदातून जठराला आम्ल स्रवण्यास उद्युक्त करणारे द्रव्य पाझरते हे १९६० मध्ये रॉडरिक ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. ते द्रव्य म्हणजे गॅस्ट्रिन.

मेन-१ जनुकाचे स्थान १९८८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी निश्चित केले. प्रत्यक्ष जनुक १९९७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील गटाने ओळखले. त्या शोधनिबंधाचे प्रथम लेखक सेत्तरा चंद्रशेखरप्पा हे होते. त्यानंतर रक्ताच्या एका नमुन्यावरून निदान करणे शक्य झाले.

अर्बुदांचे प्रकार

अर्बुद जे संप्रेरक स्रवते त्यावरून त्याला नाव दिले जाते. संप्रेरकाचा जाणवेल असा परिणाम न करणाऱ्या अर्बुदांना अकार्यक्षम अर्बुदे म्हणतात. संवेदनशील तपासण्या रूढ झाल्यापासून मेन-१मध्ये हाच प्रकार सर्वांत अधिक आढळू लागला आहे. नाव काहीसे फसवे आहे: ही अर्बुदे लक्षणांच्या दृष्टीने शांत असतात, पण पसरण्याची क्षमता त्यांच्यात असते, आणि इशारा न मिळाल्यामुळे ती मोठी झाल्यावरच ध्यानात येण्याची भीती असते.

कार्यक्षम अर्बुदांत गॅस्ट्रिन स्रवणारे गॅस्ट्रिनोमा सर्वाधिक आढळते; सुमारे ४० टक्के रुग्णांना ते होते. गॅस्ट्रिनोमा ‘स्वादुपिंडाचे अर्बुद’ म्हणून गणले जात असले तरी मेन-१मध्ये ते बहुतेकदा ग्रहणीच्या भिंतीत, श्लेष्मल अस्तराच्या खाली असते. अशा गाठी बहुधा एक सेंटिमीटरपेक्षा लहान व संख्येने अनेक असतात. आकार लहान असूनही निम्म्याहून अधिक रुग्णांत निदानाच्या वेळीच त्या लगतच्या लसीका गाठींत पोहोचलेल्या असतात. पोटात जळजळ, वारंवार होणारे व्रण, रक्तस्राव आणि जुनाट अतिसार ही लक्षणे होत. या अर्बुदामुळे होणाऱ्या आजाराला झोलिंजर-एलिसन लक्षणसमूह म्हणतात, आणि त्याच्या एकूण रुग्णांपैकी २० ते ३० टक्के मेन-१चे असतात.

इन्शुलिन स्रवणारे इन्शुलिनोमा सुमारे १० टक्के रुग्णांत होते. इतरांमध्ये ते सहसा चाळिशीनंतर दिसते. मेन-१मध्ये ते विशीच्या आतही होऊ शकते, आणि काही घरांत विकाराची पहिली खूण तीच ठरते. रक्तातील साखर घसरल्यामुळे घाम, थरथर, धडधड आणि प्रचंड भूक लागते. मेंदूला साखर अपुरी पडल्यामुळे बरळणे, विचित्र वागणे, दुहेरी दिसणे, झटके आणि बेशुद्धी येते. लक्षणे जेवण चुकल्यावर, उपवासाच्या दिवशी किंवा पहाटे येतात व काही गोड खाल्ले की ओसरतात. अशा रुग्णाला अपस्माराचा किंवा मानसिक आजाराचा रोगी समजून दीर्घकाळ त्याच दिशेने उपचार होत राहिल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात वारंवार आढळतात.

उरलेले प्रकार दुर्मीळ आहेत. ग्लुकागोनोमामध्ये मधुमेह, वजन घटणे व त्वचेवर सरकत जाणारा विशिष्ट लालसर पुरळ दिसतो. व्हीआयपी या संप्रेरकाच्या अर्बुदात पाण्यासारखे विपुल जुलाब होऊन रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरते.

रासायनिक निदान

या अर्बुदांच्या निदानात एक क्रम पाळला जातो: आधी रक्ताच्या तपासणीने संप्रेरकाचा अतिरेक सिद्ध करणे आणि मगच प्रतिमाचित्रणाने गाठ शोधणे. मेन-१मध्ये हा क्रम विशेष महत्त्वाचा आहे. येथे चित्रात गाठी दिसणारच. पण दिसलेली गाठ लक्षणांना जबाबदार असेलच असे नाही.

इन्शुलिनोमाच्या निदानाचा पाया ‘व्हिपल त्रयी’ हा आहे: साखर कमी झाल्याची लक्षणे, त्याच वेळी रक्तात साखर प्रत्यक्ष कमी असणे, आणि साखर दिल्यावर लक्षणे नाहीशी होणे. अमेरिकन शल्यचिकित्सक ॲलन व्हिपल यांनी ती १९३०च्या दशकात मांडली. स्वादुपिंडाच्या शीर्षभागावरील मोठ्या शस्त्रक्रियेलाही त्यांचेच नाव आहे. त्रयी पडताळण्यासाठी रुग्णाला रुग्णालयात दाखल करून जास्तीत जास्त ७२ तास उपाशी ठेवले जाते. या काळात पाणी व उष्मांकरहित पेये चालतात. ठरावीक अंतराने साखर मोजली जाते आणि ती उतरू लागली की मोजण्या वाढवल्या जातात. बहुसंख्य रुग्णांत पहिल्या ४८ तासांतच लक्षणे प्रकटतात.

निरोगी व्यक्तीत साखर उतरली की इन्शुलिनचा स्राव जवळजवळ थांबतो. त्यामुळे १०० मिलिलिटर रक्तात साखर ५५ मिलिग्रॅमपेक्षा कमी असताना इन्शुलिनची पातळी दर मिलिलिटरला ३ मायक्रोयुनिट किंवा त्याहून अधिक राहिली, तर तो स्राव अनियंत्रित आहे असा अर्थ होतो. त्याच नमुन्यात सी-पेप्टाइड मोजणे आवश्यक असते. शरीरात इन्शुलिन तयार होताना सी-पेप्टाइड त्याच्या बरोबरीने सुटते, तर बाहेरून टोचलेल्या इन्शुलिनमध्ये ते नसते. मधुमेहासाठी दिल्या जाणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या मात्र स्वादुपिंडालाच इन्शुलिन स्रवायला लावतात आणि रक्ताचे चित्र हुबेहूब अर्बुदासारखे दिसते. घरात कोणी मधुमेही असेल तर गोळ्यांची अदलाबदल झालेली असू शकते. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी या औषधांची रक्तातील तपासणी टाळता येत नाही.

गॅस्ट्रिनोमाच्या निदानातील अडचण निराळी आहे. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात गॅस्ट्रिन वाढलेले असणे पुरेसे नाही, कारण जठरात आम्ल कमी झाले तरी शरीर भरपाई म्हणून गॅस्ट्रिन वाढवते. पित्तासाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल यांसारख्या गोळ्यांमुळे, तसेच जठराचे अस्तर झिजलेल्या व्यक्तींत, गॅस्ट्रिन अर्बुदाशिवायही पुष्कळ वाढते. म्हणून गॅस्ट्रिनबरोबर जठररसाची आम्लता मोजावी लागते. गॅस्ट्रिन सामान्य मर्यादेच्या दहापटीहून अधिक आणि जठररसाचा पीएच २ पेक्षा कमी असेल, तर निदान पक्के होते. मधल्या पातळीच्या रुग्णांत सिक्रेटिन हे संप्रेरक शिरेतून देऊन पुन्हा गॅस्ट्रिन मोजतात. सिक्रेटिनमुळे निरोगी व्यक्तीत गॅस्ट्रिन फारसे वाढत नाही. गॅस्ट्रिनोमात ते दर मिलिलिटरला १२० पिकोग्रॅम किंवा अधिकने उसळते.

तपासणीसाठी आम्लरोधक गोळ्या थांबवणे हे स्वतःच जोखमीचे आहे. खरोखर गॅस्ट्रिनोमा असलेल्या रुग्णाने त्या अचानक बंद केल्यास काही दिवसांतच रक्तस्राव किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा संभव असतो. त्यामुळे हा बदल अनुभवी वैद्यांच्या देखरेखीखाली, बहुधा कमी काळ टिकणारे दुसरे औषध देत, केला जातो. रुग्णाने स्वतःहून गोळ्या बंद करून रक्त तपासून घेणे घातक ठरू शकते.

परावटू ग्रंथींचा येथेही संबंध येतो. त्यांच्या विकारामुळे रक्तातील कॅल्शियम वाढते आणि वाढलेले कॅल्शियम गॅस्ट्रिनच्या स्रावाला चेतावते. परावटू ग्रंथींची शस्त्रक्रिया केल्यावर गॅस्ट्रिन व आम्ल दोन्ही लक्षणीय उतरल्याचे दिसते. म्हणून ज्यांना दोन्ही विकार आहेत अशा रुग्णांत बहुधा ही शस्त्रक्रिया आधी करतात. इन्शुलिनोमा असल्यास मात्र साखर घसरण्याचा धोका तातडीचा असल्याने स्वादुपिंडाला प्राधान्य मिळते.

कॅल्शियमचे महत्त्व निदानाच्या उलट दिशेनेही आहे. स्वादुपिंडाचे अर्बुद घेऊन आलेल्या व्यक्तीत मेन-१ची शंका घ्यावी की नाही, हे ठरवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रक्तातील कॅल्शियम व परावटू संप्रेरक मोजणे. वारंवार व्रण होणाऱ्या रुग्णाला मूतखड्यांचाही इतिहास असणे, इन्शुलिनोमा तरुण वयात होणे, गाठी एकाहून अधिक असणे, या गोष्टींनी शंका बळावते. तीन मुख्य ग्रंथींपैकी दोन ठिकाणी अर्बुद असल्यास, किंवा एका ठिकाणी अर्बुद व जवळच्या नातलगास मेन-१ असल्यास, किंवा जनुकात उत्परिवर्तन सापडल्यास मेन-१चे निदान केले जाते. वैद्यकीय निकष पूर्ण करणाऱ्या काही थोड्या कुटुंबांत उत्परिवर्तन सापडत नाही.

अकार्यक्षम अर्बुदांसाठी विश्वासार्ह रक्त तपासणी नाही. क्रोमोग्रॅनिन-ए, ग्लुकागॉन व पँक्रिॲटिक पॉलिपेप्टाइड यांचे मापन अनेक वर्षे प्रचलित होते, परंतु मेन-१च्या रुग्णांत त्यांची अचूकता कमी असल्याचे दिसून आले आहे. आम्लरोधक गोळ्यांमुळे क्रोमोग्रॅनिन-एदेखील वाढते. या अर्बुदांचा शोध प्रतिमाचित्रणावरच अवलंबून राहतो.

प्रतिमाचित्रण

सीटी स्कॅन व एमआरआय यांतून स्वादुपिंडातील मोठ्या गाठी, लसीका गाठी व यकृत यांचे चित्र मिळते. रुग्णाला आयुष्यभर तपासण्या करायच्या असल्याने किरणोत्सर्ग नसलेला एमआरआय नियमित देखरेखीसाठी सोयीचा पडतो. काही मिलिमीटर आकाराच्या गाठी शोधण्यात दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी सर्वांत संवेदनशील आहे. तीत सोनोग्राफीचे टोक तोंडावाटे जठरात व ग्रहणीत नेऊन स्वादुपिंड अगदी जवळून पाहतात, आणि गरज वाटल्यास सुईने पेशीही काढता येतात. अर्थात तिची गुणवत्ता तपासणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून असते, आणि स्वादुपिंडाच्या शेपटाकडील भाग व ग्रहणीतील बारीक गाठी तिच्यातूनही निसटू शकतात.

बहुतेक अर्बुदांच्या पृष्ठभागावर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाचे ग्राही मोठ्या संख्येने असतात. त्यांना चिकटणाऱ्या द्रव्याला गॅलियम-६८ हा किरणोत्सारी समस्थानिक जोडून केलेल्या पेट स्कॅनमध्ये संपूर्ण शरीरातील अर्बुदे एका वेळी उजळून दिसतात. गॅलियम-६८चा अर्धायुष्यकाल केवळ ६८ मिनिटे असल्याने ते द्रव्य तपासणीच्या ठिकाणी किंवा जवळपासच तयार करावे लागते. इन्शुलिनोमात हे ग्राही कमी असू शकतात; त्यासाठी जीएलपी-१च्या ग्राहींना चिकटणारे एक्सेंडिन-४ हे द्रव्य अधिक उपयोगी ठरते. मधुमेहाच्या काही नव्या औषधांचे लक्ष्य असलेले ग्राही ते हेच.

स्वादुपिंडात चार गाठी दिसत आहेत, पण त्यांतील इन्शुलिन स्रवणारी कोणती हे कळत नाही, अशा वेळी एक जुनी पण चातुर्यपूर्ण चाचणी कामी येते. स्वादुपिंडाच्या निरनिराळ्या भागांना रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांत नलिकेद्वारे पाळीपाळीने कॅल्शियम सोडतात व प्रत्येक वेळी यकृतशिरेतील रक्तात इन्शुलिन मोजतात. अर्बुदाच्या पेशी कॅल्शियमला प्रतिसाद देऊन इन्शुलिन सोडतात, निरोगी पेशी तितक्या प्रमाणात सोडत नाहीत. ज्या रोहिणीत कॅल्शियम गेल्यावर इन्शुलिन उसळले, तिच्या क्षेत्रात दोषी गाठ असते. अशा रीतीने गाठीचे केवळ दर्शन न होता तिचे कार्य उघड होते.

शस्त्रक्रिया

संपूर्ण स्वादुपिंड काढून टाकल्यास नव्या गाठींचा प्रश्न मिटेल, हा विचार वरवर पाहता तर्कशुद्ध वाटतो. पण त्याची किंमत मोठी आहे. रुग्णाला तत्काळ व कायमचा मधुमेह होतो. त्याला इन्शुलिनबरोबरच ग्लुकागॉनही उरत नसल्यामुळे साखर आवरणे अवघड जाते, आणि प्रत्येक जेवणाबरोबर पाचक विकरांची औषधे घ्यावी लागतात. विशीतील रुग्णावर हा भार साठ वर्षे राहील. म्हणून शस्त्रक्रियेचे उद्दिष्ट स्वादुपिंड ‘निर्मळ’ करणे हे नसून पसरू शकणारी किंवा त्रास देणारी गाठ वेळीच काढणे आणि शक्य तितका अवयव राखणे हे असते.

इन्शुलिनोमात शस्त्रक्रियेबद्दल दुमत नाही. गाठ पृष्ठभागाजवळ व मुख्य नलिकेपासून दूर असेल तर ती कोरून काढतात. शेपटाकडे अनेक गाठी असतील तर तो भाग काढून शीर्षातील गाठी कोरतात. पोट उघडल्यावर शल्यचिकित्सक हाताने चाचपून व स्वादुपिंडावर सोनोग्राफी करून लपलेल्या गाठी व नलिकेपासूनचे त्यांचे अंतर पाहतो. बहुसंख्य रुग्णांचा साखर घसरण्याचा त्रास यानंतर थांबतो.

अकार्यक्षम अर्बुदांत निर्णय मुख्यतः आकारावर ठरतो. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठीत पसरण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते, त्यामुळे ती काढण्याचा सल्ला दिला जातो. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींवर केवळ लक्ष ठेवतात. मधल्या आकाराच्या गाठींबाबत वाढीचा वेग, पेशींची प्रत आणि रुग्णाचे वय पाहून ठरवले जाते. फ्रान्स व नेदरलँड्स येथील राष्ट्रीय नोंदींच्या अभ्यासांत दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी काढल्याने रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. पेशींची प्रत केआय-६७ या निर्देशांकावरून ठरते: विभाजित होणाऱ्या पेशी ३ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास पहिली, ३ ते २० टक्के असल्यास दुसरी व त्याहून अधिक असल्यास तिसरी. दुसऱ्या व तिसऱ्या प्रतीच्या गाठींत आकार लहान असला तरी सावधगिरी बाळगली जाते.

सर्वाधिक मतभेद गॅस्ट्रिनोमाबद्दल आहेत. १९७०च्या दशकापर्यंत आम्लावर प्रभावी औषध नव्हते आणि व्रणांपासून जीव वाचवण्यासाठी पूर्ण जठर काढून टाकावे लागे. त्या दशकाच्या उत्तरार्धात सिमेटिडिन आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ओमेप्रॅझोल आल्यानंतर ती शस्त्रक्रिया जवळजवळ इतिहासजमा झाली. आता प्रश्न उरला अर्बुदाचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत शस्त्रक्रिया झालेल्या १५१ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेन-१ नसलेल्यांपैकी ३४ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर रोगमुक्त होते. मेन-१ असलेल्या २८ जणांपैकी एकही नव्हता. या निष्कर्षानंतर अनेक तज्ज्ञ मेन-१मध्ये गॅस्ट्रिनोमा दोन सेंटिमीटरपेक्षा मोठा होईपर्यंत औषधांवरच भर देतात. याउलट, मिशिगन विद्यापीठातील नॉर्मन थॉम्पसन यांनी शेपटाकडील स्वादुपिंड काढणे, शीर्षातील गाठी कोरणे, ग्रहणी उघडून तिच्या भिंतीतील गाठी काढणे व लसीका गाठी साफ करणे अशी एकत्रित शस्त्रक्रिया रूढ केली. ग्रहणीसह स्वादुपिंडाचे शीर्ष काढल्यास रोगमुक्तीचे प्रमाण वाढते असे काही केंद्रांचे अनुभव सांगतात, पण ही शस्त्रक्रिया मोठी आहे आणि पुढे यकृतात गाठी उद्भवल्यास काही उपचार तिच्यामुळे अवघड होतात.

अलीकडे दुर्बिणीतून केलेल्या सोनोग्राफीच्या साहाय्याने गाठीत सुई घालून रेडिओलहरींच्या उष्णतेने ती जाळण्याची पद्धत लहान इन्शुलिनोमासाठी वापरली जाऊ लागली आहे. वारंवार गाठी होणाऱ्या रुग्णांत तिचे आकर्षण उघड आहे. दीर्घकालीन परिणाम मात्र अद्याप थोड्याच काळाचे उपलब्ध आहेत.

औषधोपचार

गॅस्ट्रिनोमात आम्लरोधक गोळ्या नेहमीच्या मात्रेहून अधिक प्रमाणात व आयुष्यभर दिल्या जातात. त्यांमुळे बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता होऊ शकते, म्हणून ते अधूनमधून तपासावे लागते. दीर्घकाळ उच्च राहिलेल्या गॅस्ट्रिनमुळे जठराच्या अस्तरातही लहान अर्बुदे होतात व ती मेन-१मध्ये विशेष आढळतात. त्यासाठी ठरावीक काळाने जठराची दुर्बिणीतून पाहणी केली जाते.

इन्शुलिनोमात शस्त्रक्रियेपर्यंत, किंवा ती शक्य नसल्यास, थोड्या थोड्या वेळाने खाणे व डायझॉक्साइड हे औषध यांचा आधार घेतला जातो. डायझॉक्साइड इन्शुलिनचा स्राव रोखते. अंगावर सूज व केसांची वाढ हे त्याचे दुष्परिणाम आहेत. ऑक्ट्रिओटाइड व लॅनरिओटाइड ही सोमॅटोस्टॅटिनसारखी औषधे बहुतेक कार्यक्षम अर्बुदांत स्राव घटवतात व वाढही मंदावतात. परंतु काही इन्शुलिनोमा-रुग्णांत ती ग्लुकागॉनलाच अधिक दाबतात व साखर आणखी घसरते, म्हणून पहिली मात्रा देखरेखीखाली दिली जाते.

रोग यकृतात पसरल्यावरही उपचार थांबत नाहीत. यकृतातील गाठी शस्त्रक्रियेने काढणे किंवा त्यांचा रक्तपुरवठा तोडणे शक्य असते. एव्हरोलिमस व सुनिटिनिब या गोळ्यांनी रोगाची वाढ लांबवता येते असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसले; एव्हरोलिमसमध्ये रोग स्थिर राहण्याचा मध्यक काळ ११ महिने होता, तर औषधविरहित गटात ४.६ महिने. एव्हरोलिमस साखर वाढवते. एरवी दुष्परिणाम मानला जाणारा हा गुण पसरलेल्या इन्शुलिनोमात उपकारक ठरतो. वेगाने वाढणाऱ्या रोगात टेमोझोलोमाइड व कॅपेसिटाबिन यांची केमोथेरपी दिली जाते.

ज्यांची अर्बुदे गॅलियम स्कॅनमध्ये उजळतात, त्यांच्यासाठी त्याच तत्त्वाचा उपचारही आहे. ग्राहीला चिकटणाऱ्या द्रव्यास गॅलियमऐवजी ल्युटेशियम-१७७ जोडले की त्यातून निघणारे बीटा कण अर्बुदाच्या पेशींना आतून मारतात. हे कण काही मिलिमीटरच प्रवास करतात, त्यामुळे आसपासच्या ऊतींची हानी मर्यादित राहते. साधारणपणे आठ आठवड्यांच्या अंतराने चार मात्रा देतात. मूत्रपिंडांच्या संरक्षणासाठी सोबत अमिनो आम्लांचे द्रावण शिरेतून चालू ठेवतात. भारतात ल्युटेशियम-१७७ हे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार केले जाते, आणि मुंबईतील परळ येथील त्याच संस्थेच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार दिला जातो.

देखरेख व कुटुंबीयांची तपासणी

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार उत्परिवर्तन असलेल्या मुलांत इन्शुलिनोमासाठी साखर व इन्शुलिनची तपासणी पाचव्या वर्षापासून, स्वादुपिंडाचे प्रतिमाचित्रण दहाव्या वर्षापासून व गॅस्ट्रिनची तपासणी विसाव्या वर्षापासून दरवर्षी करावी असे सुचवले गेले. लक्षणे नसलेल्या मुलांत इतक्या लवकर प्रतिमाचित्रण सुरू करावे का, आणि ते दरवर्षी हवे का, याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. लहान वयात धोकादायक अर्बुदे झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या थोड्या आहेत. उलट, दरवर्षी ‘काही निघते का’ या धास्तीत वाढणाऱ्या मुलाच्या मनावर होणारा परिणामही दुर्लक्षिता येत नाही.

जनुकीय चाचणी प्रथम विकार असलेल्या व्यक्तीची केली जाते. तिच्यात नेमके उत्परिवर्तन सापडल्यावर भावंडे, मुले व आईवडील यांच्यात तेवढेच शोधावे लागते, त्यामुळे पुढील चाचण्या सोप्या, स्वस्त व निःसंदिग्ध होतात. चाचणीपूर्वी समुपदेशन आवश्यक मानले जाते. उत्परिवर्तन असल्याचे कळणे म्हणजे आजार झालेला असणे नव्हे. परंतु ही माहिती विवाह, नोकरी व विमा यांच्या निर्णयांत शिरते, आणि एका व्यक्तीचे निदान न विचारता साऱ्या घराचे होऊन बसते. काही नातलग चाचणी नाकारतात. तसे केल्यास त्यांना नियमित कॅल्शियम तपासणीचा पर्याय सुचवला जातो, कारण परावटू ग्रंथींचा विकार बहुधा सर्वांत आधी प्रकट होतो.

ज्या नातलगात कुटुंबातील उत्परिवर्तन आढळत नाही, त्याचा मेन-१चा धोका सर्वसामान्य व्यक्तीइतकाच असतो. त्याला वार्षिक तपासण्यांची गरज राहत नाही, आणि त्याच्या मुलांकडेही हा विकार जात नाही.